नाशिकमध्ये वृक्ष-पिओनी फुलवताना: परवान्याच्या चौकशीपासून शीतखोलीपर्यंत

वृक्ष-पिओनी हे मुळात थंड प्रदेशातले झुडूप आहे. चीनमधील लुओयांग आणि हेझे ही शहरे त्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत, लुओयांगमध्ये १९८३ पासून वसंतात त्याचा महोत्सव भरतो, आणि जपानमधील दाइकोनशिमा या लहानशा बेटावर त्याची कलमे तयार करण्याचा मोठा व्यवसाय चालतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास जाणाऱ्या नाशिकमध्ये हे झाड जगवता येईल का आणि जगले तर फुलवता येईल का, या दोन प्रश्नांचा पाठपुरावा मी २०२२ च्या पावसाळ्यापासून करत होते. २०२५ च्या फेब्रुवारीत मखमलाबाद रस्त्यावरील आमच्या घराच्या गच्चीवर पहिले फूल उमलले. मधल्या काळात काय करावे लागले, किती थांबावे लागले आणि किती खर्च आला, ते येथे क्रमाने नोंदवत आहे.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. पिओनीचे दोन ढोबळ प्रकार आहेत. एका प्रकाराचा वरचा सगळा भाग हिवाळ्यात सुकतो आणि वसंतात जमिनीतून नवे कोंब येतात. आपल्याकडे पश्चिम हिमालयाच्या जंगलांत आढळणारी आणि जिच्या मुळ्या युनानी औषधांत ऊद सलीब या नावाने वापरल्या जातात ती जात या प्रकारातली. दुसरा प्रकार वृक्ष-पिओनीचा. याची पाने गळतात, परंतु काड्या टणक लाकडाच्या असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. पुढच्या वसंताची फुले याच काड्यांवरील डोळ्यांत, म्हणजे न उमललेल्या अंकुरांत, आदल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तयार होतात. म्हणून गुलाबासारखी कडक छाटणी याला चालत नाही. काडी कापली की पुढच्या वर्षीचे फूलही तिच्याबरोबर जाते.

जुलै २०२२ मध्ये मी परदेशातून कलमे मागवता येतील का याची चौकशी सुरू केली. नाशिकमध्ये द्राक्षांच्या निर्यातीमुळे ‘फायटो’ (माल कीड-रोगमुक्त असल्याचे प्रमाणपत्र) हा शब्द घरोघरी माहीत आहे, त्यामुळे त्या प्रमाणपत्राची मला ओळख होती. आयातीचा मार्ग मात्र वेगळा आणि बराच लांबचा आहे. वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश, २००३ नुसार लागवडीसाठी आणायच्या रोपांना आपल्याकडील आयात परवाना आधी काढावा लागतो, पाठवणाऱ्या देशाचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र मालासोबत यावे लागते, माल अधिसूचित बंदरावर किंवा विमानतळावरच उतरवावा लागतो आणि तेथे त्याची तपासणी होते. मुळांना माती चिकटलेली चालत नाही. काही वनस्पतींना आणल्यानंतरही काही काळ तपासणीखाली वेगळे वाढवावे लागते. दोन-तीन रोपांसाठी हे सारे करणे घरगुती बागकाम करणाऱ्याच्या आवाक्यात नाही, असे मला एका कस्टम्स एजंटने स्पष्ट सांगितले आणि ते मला पटले. परदेशी संकेतस्थळांवरून कागदपत्रांशिवाय रोपे मागवण्याचा सल्लाही काही जणांनी दिला होता. तो कोणी ऐकू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. असा माल पकडला गेल्यास नष्ट केला जातो, आणि पकडला गेला नाही तर त्याच्यासोबत येणारी कीड किंवा बुरशी आपल्याच जिल्ह्याच्या बागांमध्ये शिरू शकते.

अखेर हिमाचल प्रदेशातील एका रोपवाटिकेकडे तीन कलमे मिळाली: फेंगदान नावाचे पांढऱ्या एकेरी फुलाचे, लुओयांग होंग हे गडद गुलाबी भरगच्च फुलाचे आणि हाय नून हे पिवळ्या फुलाचे. पैकी पहिली दोन विचारपूर्वक निवडली होती. फेंगदान ज्या जातीचे आहे ती चीनच्या दमट, तुलनेने उष्ण भागातही वाढते, आणि लुओयांग होंगवर हंगामाबाहेर फुले आणण्याचे काम तेथे मोठ्या प्रमाणावर होते. प्रत्येक कलमाला ४,२०० रुपये आणि पार्सलचे १,४५० रुपये पडले. सप्टेंबरमध्ये पैसे भरूनही रोपे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हाती आली, कारण पाने गळून झाड सुप्तावस्थेत गेल्याशिवाय ते उपटत नाहीत. ही वाट पाहणे योग्यच आहे. पानांसकट पाठवायला तयार असणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नये.

ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या मुळ्या उघडल्या तेव्हा प्रथम दिसले ते कलमाचे सांधे. खाली रताळ्यासारखे जाड, मांसल मूळ होते. ते वर सांगितलेल्या पहिल्या, हिवाळ्यात सुकणाऱ्या प्रकारच्या पिओनीचे असते आणि वरच्या वृक्ष-पिओनीच्या काडीला स्वतःच्या मुळ्या फुटेपर्यंतच तिला पोसते. म्हणून हा सांधा मातीच्या वर न ठेवता चांगला १० ते १५ सेंटिमीटर खाली गाडायचा असतो. आपल्याकडे गुलाब किंवा आंब्याचे कलम लावताना सांधा वर ठेवण्याची सवय असल्यामुळे मदतीला आलेल्या माळीदादांना हे पटवून द्यायला थोडा वेळ लागला. पुढे कधी जमिनीतून वेगळ्या आकाराच्या पानांचा कोंब आला, तर तो खालच्या मुळाचा समजून तळापासून काढून टाकावा.

अंगणातील काळ्या मातीचा नमुना मी ऑक्टोबरमध्येच तपासून घेतला होता. अहवाल यायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. मातीचा सामू (पीएच) ८.१ निघाला. पिओनीला किंचित विम्ल (अल्कधर्मी) माती चालते, त्यामुळे सामूची फारशी अडचण नव्हती. खरी अडचण त्या मातीच्या पाणी धरून ठेवण्याच्या गुणाची होती, कारण मांसल मुळ्या ओल धरलेल्या मातीत कुजतात. त्यामुळे जमिनीत लावण्याचा विचार सोडून कड्या असलेले प्लास्टिकचे ड्रम अर्धे कापून घेतले, तळाला आणि कडेला भोके पाडली, आणि पोयटा माती, जाड वाळू व पूर्ण कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरले. वाळू एकूण मिश्रणाच्या सुमारे एक तृतीयांश होती. कड्यांमुळे दोन माणसांना ड्रम उचलता येतो, आणि ही सोय पुढे फार उपयोगी पडली. पाणी नळाचेच, म्हणजे गंगापूर धरणाचे वापरले. बोअरच्या पाण्यातील क्षार कुंडीत साचत राहतात.

२०२३ च्या फेब्रुवारीत तिन्ही कलमांना पाने आली. हिमाचलच्या थंडीचा काही भाग त्यांनी उपटण्यापूर्वीच घेतला होता, त्याचा हा परिणाम असावा. फुलाची अपेक्षा त्या वर्षी नव्हतीच. मार्चपासून गच्चीच्या पूर्वेकडील भागात ५० टक्के सावलीची जाळी बांधली, सकाळचे ऊन नऊ-साडेनऊपर्यंत मिळेल आणि नंतर सावली राहील अशी. उन्हाळा मला वाटला होता त्यापेक्षा झाडांनी चांगला सोसला. पानांच्या कडा मेमध्ये करपल्या, पण काड्या हिरव्या राहिल्या. संध्याकाळी कुंडीच्या बाहेरच्या बाजूवर आणि आसपासच्या फरशीवर पाणी शिंपडल्याने मुळांजवळचे तापमान उतरते, हा उपाय साधा असला तरी करण्याजोगा आहे.

पावसाळ्याने मात्र नुकसान केले. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही ड्रम पत्र्याच्या छपराखाली हलवले होते आणि मातीत ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळले होते. तरीही जुलैअखेर हाय नूनची पाने एका बाजूने लोंबू लागली. माती बाजूला करून पाहिले तेव्हा सांध्याखालचे मूळ बोटाने दाबले जाईल इतके मऊ झाले होते. कुजलेला भाग कापून, बुरशीनाशकात बुडवून, कोरड्या वाळूत ठेवून पाहिले, पण ऑगस्टमध्ये ते गेलेच. त्यानंतर मी उरलेल्या दोन ड्रमांचे वरचे तोंड संपूर्ण पावसाळाभर उघडे ठेवते, मातीवर पालापाचोळा पसरत नाही, आणि बोट दोन पेरे खाली घालून कोरडे लागल्याशिवाय पाणी देत नाही. नाशिकच्या पावसाळी हवेत कधी कधी आठ-दहा दिवस पाणी द्यावेच लागत नाही.

याच सुमारास पिंपळगाव बसवंतजवळचे आमच्या परिचयातील एक ज्येष्ठ द्राक्ष बागायतदार घरी आले होते. त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांनी काडी हातात घेतली, अंगठ्याने डोळा चाचपला आणि म्हणाले, “ताई, हिची काडी पिकली आहे, डोळाही भरला आहे. आता हिला झोपायला थंडी पाहिजे. आपल्याकडे तेवढी थंडी मिळत नाही, म्हणून तर आम्ही द्राक्षाला दोनदा छाटतो.” पिओनीविषयी तोवर मी जे काही वाचले होते ते सारे त्या बोलण्याने माझ्या डोक्यात नीट बसले. द्राक्षवेल थंड देशात हिवाळाभर झोपते. आपल्याकडे ती पूर्ण झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून, डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावून तिला एकसारखी फुटायला लावतात. वृक्ष-पिओनीच्या डोळ्यात फूल तयार असते, पण काही आठवडे सलग गारठा मिळाल्याशिवाय डोळ्यातील वाढ रोखणारी द्रव्ये कमी होत नाहीत आणि वाढीला चालना देणारे जिबरेलिन पुरेसे वाढत नाही. निफाडला एखाद्या लाटेत पारा ५ अंशांखाली जातो हे खरे, पण ती थंडी दोन-चार पहाटे टिकते आणि दुपारी ऊन पुन्हा २५ अंशांच्या पुढे जाते. सायनामाइड वापरावे का, असे मी विचारले असता नानांनी ठामपणे नको म्हणून सांगितले. ते अत्यंत विषारी आहे, आणि घरच्या गच्चीवर हाताळण्याची ती वस्तू नव्हे.

म्हणजे थंडी विकत घेणे भाग होते. सप्टेंबर २०२३ मध्ये मी जिल्ह्यातील शीतगृहांकडे चौकशी केली. द्राक्ष निर्यातीच्या शीतगृहांनी नकार दिला, आणि त्यांचे कारण रास्त होते: निर्यातीच्या मालाशेजारी मातीच्या कुंड्या ठेवणे त्यांच्या तपासणीत बसत नाही. शिवाय द्राक्षांच्या पेट्यांत गंधकाचा वायू सोडणारे कागद घालतात आणि तो वायू झाडाच्या डोळ्यांना अपायकारक ठरण्याची भीती होती. सफरचंदे ठेवणारे एक शीतगृह तयार होते, पण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू फुलकळ्या बिघडवतो, म्हणून तेथे मीच गेले नाही. शेवटी दिंडोरी तालुक्यातील एका पॉलिहाऊसवाल्या शेतकऱ्यांच्या शीतखोलीत जागा मिळाली. गुलाबाची कापलेली फुले ते २ ते ४ अंशांत ठेवतात, आणि पिओनीला नेमके तेवढेच तापमान लागते. प्रत्येक ड्रमाला महिना ४०० रुपये भाडे ठरले. मी एका कागदावर तापमान, कालावधी, वीज गेल्यास जनरेटर चालवण्याची सोय आणि झाड दगावल्यास त्यांची जबाबदारी नाही, हे सारे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. ओळख असली तरी असा कागद करावा. त्यामुळे दोन्ही बाजूंना बोलणे सोपे जाते.

लग्नसराईच्या मालामुळे खोलीत जागा नोव्हेंबरअखेर रिकामी होणार होती. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, निफाडकडील द्राक्षबागांचे अतोनात नुकसान झाले, आणि दोन दिवस वाहन मिळेना. २८ तारखेला ड्रम खोलीत गेले आणि ८ जानेवारी २०२४ ला बाहेर काढावे लागले, कारण जानेवारीच्या मध्यापासून १४ फेब्रुवारीच्या मागणीसाठी गुलाबाचा माल साठवायला सुरुवात होते. सहा आठवड्यांची ही थंडी कमी पडली. डोळे फुगले, पाने आली, दोन्ही झाडांवर कळ्याही दिसल्या, पण त्या सुमारे १ सेंटिमीटरच्या होऊन तपकिरी पडल्या आणि बोट लावताच गळल्या. वाईट वाटले. मात्र कळी दिसली याचा अर्थ फूल डोळ्यात होते, एवढे त्यातून निश्चित झाले.

२०२४ मध्ये मी ऑगस्टमध्येच खोली बोलून ठेवली. दसरा झाल्यावर पाणी कमी केले, ऑक्टोबरअखेर उरलेली पाने देठ थोडा राखून कात्रीने कापली, आणि काड्यांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारले. घरगुती प्रमाण सांगायचे तर एक लिटर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करायचे. भाऊबीज आटोपल्यावर ५ नोव्हेंबरला ‘छोटा हत्ती’ टेम्पोतून ड्रम दिंडोरीला नेले. माती या वेळी ओलसर असावी, ओली नसावी. पाने नसल्यामुळे खोलीतील अंधाराने काही बिघडत नाही. मी ६०० रुपयांचा कमाल-किमान तापमापक ड्रमाला बांधून ठेवला होता आणि दर पंधरवड्याला जाऊन आकडे उतरवून घेत होते. डिसेंबरमध्ये एकदा कमाल ९ अंश दिसले. पॉलिहाऊसवाल्या दादांनी आपणहून सांगितले की वीज चार तास गेली होती आणि जनरेटरचे डिझेल संपले होते. तेवढ्याने काही बिघडले नाही.

५ जानेवारी २०२५ रोजी झाडे घरी आली. शीतखोलीतून थेट उन्हात न नेता चार दिवस खालच्या पार्किंगमध्ये सावलीत ठेवली, मग गच्चीवर. जानेवारीतील नाशिकच्या गार रात्री आणि सौम्य दिवस या झाडाला उपकारक ठरतात, आणि म्हणूनच सारे वेळापत्रक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बाहेर काढण्याभोवती आखावे. तीव्र ऊन सुरू होण्यापूर्वी फूल आले पाहिजे, आणि बाहेर काढल्यापासून फुलापर्यंत साधारण सात आठवडे लागतात.

या वेळी जिबरेलिक आम्लाचाही वापर केला. द्राक्षाचे मणी लांबवण्यासाठी ‘जीए’ म्हणून जे आपल्याकडे प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळते तेच हे. चीनमध्ये हंगामाबाहेर पिओनी फुलवताना, कमी पडलेल्या थंडीची भरपाई म्हणून ते डोळ्यांना लावतात. मी ५०० पीपीएमचे द्रावण केले, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिग्रॅम शुद्ध जीए. पुडीवर जीएचे प्रमाण किती टक्के आहे ते वाचून हिशेब करावा आणि इतके कमी वजन घरच्या काट्यावर तोलता येत नसल्याने सोनाराकडून किंवा औषधांच्या दुकानातून तोलून घ्यावे. डोळे फुगू लागल्यावर कापसाचा बोळा त्यात बुडवून फक्त टोकाच्या डोळ्यावर ठेवला, आणि चार-चार दिवसांनी पुन्हा दोनदा तसेच केले. संपूर्ण झाडावर फवारल्यास काड्या लांबट आणि कमकुवत होतात.

जानेवारीच्या शेवटी डोळ्याचे तांबूस खवले एकेक करून मागे वळले आणि आतून मनगट दुमडल्यासारखी, जांभळट रंगाची पाने वर आली. त्यांच्या मधोमध कळी होती, घट्ट आणि हिरवट. या अवस्थेत फुलकिडे सर्वांत आधी पोहोचतात, म्हणून निळे चिकट सापळे कुंडीलगत लावले आणि रोज सकाळी भिंगाने कळी पाहिली. कळी २ सेंटिमीटरच्या पुढे गेली तेव्हा मागच्या वर्षीचा टप्पा ओलांडला असे वाटून मला फार हायसे झाले. २० फेब्रुवारीला फेंगदानचे फूल उमलले आणि पुढच्या आठवड्यात लुओयांग होंगचे. फेंगदानच्या पाकळ्या पातळ, पांढऱ्या, किंचित चुरगळलेल्या, आणि मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांच्या दाट वर्तुळात गडद जांभळ्या रंगाचे एक चामड्यासारखे आवरण असते, ज्यात स्त्रीकेसर झाकलेले असतात. पाकळी बोटांत धरल्यावर थंड लागते. वास सकाळी सर्वांत स्पष्ट येतो, अकराच्या पुढे तो कमी होतो. नानांना फोन केला तर ते दुपारच्या उन्हात मोटारसायकलवर आले आणि त्यांनी फुलाआधी काडीच पाहिली. लुओयांग होंगचे फूल सावलीत ठेवून पाच दिवस टिकले. उन्हात राहिले असते तर दोन दिवसही टिकले नसते.

फूल गेल्यावर बीजकोश धरू न देता फुलाचा देठ पहिल्या पानापर्यंत कापला, मार्चमध्ये कुजलेले शेणखत आणि थोडा हाडांचा चुरा दिला, आणि पुन्हा तीच सावलीची जाळी. जबरदस्तीने फुलवलेल्या झाडाची शक्ती पुष्कळ खर्च होते, त्यामुळे एकाच कलमावर दरवर्षी फुलाचा हट्ट धरू नये. २०२४-२५ च्या हिवाळ्याचा खर्च दोन ड्रमांचे दोन महिन्यांचे भाडे १,६०० आणि जाण्या-येण्याचे वाहन ३,६०० असा ५,२०० रुपये आला. जवळपासच्या दोन-तीन घरांनी मिळून वाहन केल्यास वाहनाचा खर्च निम्म्यावर किंवा त्याहून खाली येईल. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एकेरी फुलाच्या फेंगदानपासून सुरुवात करावी, कलम किमान तीन वर्षांचे घ्यावे, आणि रोप मागवण्याआधी शीतखोलीची जागा पक्की करावी. खोलीवाल्यांशी बोलताना १५ जानेवारीपूर्वी जागा रिकामी करून देऊ, हे पहिल्याच भेटीत सांगितले तर त्यांची नकार देण्याची मुख्य अडचण दूर होते.